रक्ताची तपासणी आणि मनाचे आरोग्य
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



ह्या व्यासपीठावरून प्रतिवर्षी मोठमोठ्या विद्वानांची व्याख्याने होत आली आहेत. त्या परंपरेत आमच्यासारख्या, मॅट्रिकपर्यंत शिकून सारे आयुष्य प्राथमिक शाळेच्या फळ्यासमोर घालविलेल्या माणसाने उभे राहावे, हा चालकांच्या प्रेमाचा भाग आहे. विषय निवडण्याची मोकळीक त्यांनी आम्हांस दिली. आम्ही विषय सांगितला तेव्हा चिटणीस क्षणभर थांबले आणि म्हणाले, "गुरुजी, संमेलनाच्या आनंदाच्या दिवशी हा विषय?" त्यांची शंका रास्त होती. परंतु ज्या गोष्टी आनंदाच्या दिवशी बोलावयाच्या नाहीत आणि दुःखाच्या दिवशी बोलण्याचे भान नसते, त्या मग कधीच बोलल्या जात नाहीत. म्हणून आपली क्षमा मागून आम्ही हाच विषय घेतो.

आम्ही वैद्य नाही, हे आरंभीच सांगितले पाहिजे. आज जे सांगणार आहोत ते आमच्या घरात तीस वर्षांहून अधिक काळ जे पाहिले त्यावरून, आणि डॉक्टरांनी वेळोवेळी जे समजावून दिले त्यावरून. औषध कोणते घ्यावे, किती घ्यावे, हे आपापल्या डॉक्टरांनीच सांगावयाचे.

आमचे धाकटे बंधू आज ह्याच सभागृहात बसले आहेत. त्यांच्या अनुमतीनेच आम्ही बोलत आहोत. "दादा, सांगायचे तर सगळे सांगा, अर्धे नको," असे त्यांनी आम्हांस बजावले आहे.

1991 साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, त्यांस ह्या व्याधीने गाठले. त्यांचे वह्यापुस्तकांचे लहानसे दुकान होते. एका वैशाखात त्यांची झोप उडाली. रात्र रात्र जागून ते हिशेब मांडीत, पहाटे गावातल्या लोकांस उठवून मोठमोठ्या योजना सांगत. आठ दिवसांत त्यांनी दुकानातील अर्धा माल मुलांस फुकट वाटला आणि उधारीवर दोन छापखान्यांचा सौदा केला. बोलणे इतके भरधाव की ऐकणाऱ्यास धाप लागावी. पुढे पावसाळ्यात हाच माणूस अंधाऱ्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागला. जेवण नाही, बोलणे नाही, मुखावर काही भाव नाही. आम्ही देवऋषी केले, अंगारे धुपारे केले, एका मांत्रिकाचे ताईत बांधले. ह्यात दीड वर्ष गेले. शेवटी एका जाणत्या स्नेह्याने मनोविकारतज्ज्ञांकडे नेले. त्यांनी निदान सांगितले: द्विध्रुवी विकार, म्हणजे उन्माद आणि खिन्नता ह्यांचे आळीपाळीने येणारे झटके. औषध दिले लिथियम. आणि म्हणाले, "ह्या गोळ्यांबरोबर रक्ताची तपासणी नियमाने करावी लागेल. ती चुकवायची नाही."

रक्त तपासावयाचे म्हटल्यावर आमची जी समजूत झाली, तीच आजही पुष्कळांची आहे. आम्हांस वाटले, आता रक्तावरून ह्यांचे वेड किती आहे ते कळेल. ताप मोजावा तसे वेड मोजले जाईल. बंधुभगिनींनो, तसे नाही. मेंदूचे व्यापार ज्या रसायनांवर चालतात, त्यांचे मेंदूतील प्रमाण दंडातून काढलेल्या रक्तावरून कळत नाही. रक्त आणि मेंदू ह्यांच्यामध्ये निसर्गाने एक बारीक पहारा बसविला आहे. हवे ते आत सोडावे, नको ते बाहेर ठेवावे, अशी त्याची व्यवस्था आहे. सेरोटोनिन नावाचे एक द्रव्य पुष्कळांच्या ऐकण्यात असेल. शरीरातील बहुतेक सेरोटोनिन आतड्यांत असते आणि ते हा पहारा ओलांडून मेंदूत जात नाही. तेव्हा रक्तातील सेरोटोनिन मोजून कोणी आपल्या मनाची स्थिती सांगू लागला, तर त्यास नमस्कार करून घरी यावे. मनोविकाराचे निदान आजही डॉक्टर रोग्याशी आणि घरच्यांशी सविस्तर बोलूनच करतात.

मग रक्त कशासाठी काढावयाचे? दोन कारणांसाठी. पहिले असे की, कधी कधी मनाच्या तक्रारीचे मूळ शरीरात असते. थायरॉइड ग्रंथी मंदावली किंवा ब-12 जीवनसत्त्व फार कमी झाले, तर माणूस खिन्न होतो, विसरतो, क्वचित भ्रमिष्टही होतो. तसे काही नाही ना, हे रक्तावरून कळते. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे, आणि आमचे आजचे सांगणे मुख्यतः त्याविषयीच आहे. ही तपासणी रोग्याच्या मनाची परीक्षा नव्हे. ती औषधाची राखण आहे.

हे समजण्यासाठी लिथियमचा थोडा इतिहास पाहू.

लिथियम हा एक हलका धातू. स्वीडनमधील आर्फवेडसन ह्या रसायनशास्त्रज्ञास तो 1817 साली एका खनिजात सापडला. दगडाला ग्रीक भाषेत लिथॉस म्हणतात, त्यावरून हे नाव पडले. त्याचे क्षार दिसण्यात आपल्या मिठासारखेच.

दुसऱ्या महायुद्धात जॉन केड नावाचे ऑस्ट्रेलियन डॉक्टर सिंगापूरच्या चांगी येथील छावणीत जपान्यांचे युद्धबंदी होते. सुटून आल्यावर मेलबर्नजवळच्या बंडूरा येथील रुग्णालयात, एका बिनवापराच्या कोठीघरात, त्यांनी प्रयोग मांडले. उन्मादाच्या रोग्यांच्या मूत्रात काही विषारी द्रव्य असावे अशी त्यांची कल्पना होती. ते गिनीपिग नावाच्या लहान प्राण्यांना टोचून पाहत असता, केवळ विरघळण्याच्या सोयीसाठी त्यांनी लिथियमचा क्षार वापरला आणि प्राणी शांत झालेले दिसले. शोधीत होते एक, सापडले दुसरे! केडसाहेबांनी प्रथम तो क्षार स्वतः घेऊन पाहिला आणि मग 1948 साली एका रोग्यास दिला. हा रोगी एकावन्न वर्षांचा होता आणि पाच वर्षे सतत उन्मादात होता. काही महिन्यांत तो इतका सुधारला की घरी जाऊन पूर्वीच्या कामावर रुजू झाला. 1949 च्या सप्टेंबरात केड ह्यांनी दहा उन्मादी रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली.

परंतु कथा येथे संपत नाही. त्या पहिल्या रोग्याने बरे वाटताच औषध सोडले आणि उन्माद परतला. औषध पुन्हा सुरू झाले. 1950 साली तोच रोगी लिथियमच्याच विषबाधेने मरण पावला. त्याच सुमारास अमेरिकेत आणखी एक अनर्थ झाला होता. हृदयरोगामुळे ज्यांस मीठ वर्ज्य होते, त्यांस मिठाऐवजी लिथियमचा क्षार जेवणात वापरण्यास मिळत असे. लोक तो मिठासारखाच हवा तेवढा घेत. कित्येकांस विषबाधा झाली, काही दगावले, आणि 1949 साली ती विक्री बंद झाली. ज्या क्षाराने एक मनुष्य पाच वर्षांच्या उन्मादातून बाहेर आला, त्याच क्षाराने त्याचा जीव घेतला. तारणारे प्रमाण आणि मारणारे प्रमाण ह्यांत अंतर फार थोडे, आणि केडसाहेबांपाशी ते अंतर मोजण्याचे साधन नव्हते.

ते साधन पुढील वर्षांत हाती आले. निळ्या ज्योतीत लिथियमचा क्षार धरला तर ज्योत किरमिजी लाल होते. विज्ञानाच्या तासाला मुलांस हे दाखविता येते. ह्याच गुणावर चालणारे यंत्र तयार झाले: रक्तरसाचा फवारा ज्योतीत सोडावा, तिचा रंग किती गडद होतो ते मोजावे, त्यावरून रक्तात लिथियम किती ते कळते. मेलबर्न येथे ट्राउटनर आणि त्यांचे सहकारी ह्यांनी 1951 पासून ह्या मोजमापाचा अभ्यास चालविला. डेन्मार्कमध्ये मोगेन्स स्काऊ ह्यांनी 1954 साली रोग्यांवर पद्धतशीर चाचणी घेऊन औषधाचा गुण सिद्ध केला. स्काऊ ह्यांच्या सख्ख्या भावास वारंवार खिन्नतेचे झटके येत. पुढे लिथियम सुरू झाल्यावर ते थांबले. विद्वान असो वा गुरुजी, ज्याच्या घरी भाऊ आजारी असतो त्याची कळ एकच! 1970 साली अमेरिकेच्या सरकारी खात्यानेही उन्मादासाठी हे औषध मान्य केले. एकदा विष म्हणून दूर सारलेले औषध पुन्हा रोग्यांच्या हाती आले, ते ह्या रक्ततपासणीच्या बळावर.

आता हे प्रमाण कमीजास्त का होते, ते पाहू. लिथियम शरीराबाहेर जाते ते मूत्रपिंडावाटे. मूत्रपिंडास मिठातील सोडियम आणि लिथियम ह्यांतला भेद नीट कळत नाही. आमच्या वर्गात एकदा दोन जुळे भाऊ होते. एकाची हजेरी आम्ही दुसऱ्याच्या नावावर मांडीत असू. मूत्रपिंडाचे तसेच होते. शरीरात मीठ वा पाणी कमी पडले की मूत्रपिंड सोडियम राखून धरू लागते, आणि त्याबरोबर लिथियमही राखून धरते. गोळ्या तेवढ्याच असतात, परंतु रक्तातील लिथियम चढत जाते. कडक उन्हाळा, जुलाब, ओकाऱ्या, निर्जळी उपवास, अळणी जेवण, ही सारी ह्याची कारणे होत. रक्तदाबावरील काही गोळ्या, विशेषतः लघवी वाढविणाऱ्या, आणि आयब्युप्रोफेन वा डायक्लोफेनॅकसारख्या अंगदुखीच्या गोळ्या ह्यांनीही ते चढते.

बंधुभगिनींनो, ही यादी आम्हांस आज पाठ आहे. 2016 साली ती पाठ असती, तर हे व्याख्यान देण्याचा प्रसंग आला नसता.

बंधूंचे लिथियम सुरू झाले आणि ते सावरले. दुकान पुन्हा उभे राहिले. हस्ताक्षर त्यांचे मूळचेच मोत्यासारखे. ह्या मंडळाच्या प्रमाणपत्रांवरील नावे कित्येक वर्षे त्यांनीच लिहिली. दर तीन-चार महिन्यांनी ते रक्त देऊन येत. वीस-बावीस वर्षे हे सुरळीत चालले. मग त्यांच्या कन्येचे लग्न ठरविण्याची वेळ आली. मंडळाच्या वधूवर सूचक विभागाचा अर्ज आम्हीच भरला. त्यात एक रकाना होता: 'घराण्यात आनुवंशिक वा मानसिक व्याधी आहे काय?' आम्ही त्यापुढे 'नाही' असे लिहिले. आयुष्यभर मुलांस खरे बोलण्याचे धडे दिले त्याच हाताने लिहिले. स्थळ जुळले, 2016 च्या मे महिन्यातील तिथी निघाली.

ज्या तपासणी केंद्रात बंधू रक्त देत, तेथे आपल्याच ज्ञातीतील एक गृहस्थ कामास होते. आम्ही बंधूंस म्हणालो, "लग्न होईपर्यंत तिकडे जाऊ नकोस. उगाच गवगवा नको. तुला आता काही होत नाही." ते आमचा शब्द कधी मोडीत नसत. नोव्हेंबरपासून मेपर्यंत रक्त तपासले गेले नाही. मध्यंतरी त्यांचा रक्तदाब थोडा वाढलेला आढळला, म्हणून आम्ही आपल्याच अकलेने त्यांचे जेवण अळणी करविले. लग्नाच्या धावपळीत गुडघे दुखू लागले. औषधांच्या दुकानातून गोळ्या आणून दिल्या, त्याही आम्हीच. विदर्भातला मे महिना, अंगातून घामाच्या धारा, आणि लग्नाच्या आदल्या दिवशी त्यांस जुलाब सुरू झाले.

लग्नाच्या दिवशी त्यांचे हात थरथरत होते. अक्षता टाकताना त्या भलतीकडेच पडल्या. चालताना झोक जात होता, जीभ जड झाली होती. मांडवातील कोणीतरी हलकेच म्हणाले, "वधूपिता घेऊन आलेला दिसतो." ज्या माणसाने आयुष्यात दारूस स्पर्श केला नाही, त्याच्याविषयी हे शब्द आम्ही ऐकले, आणि तरीही खरे सांगण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही. पाठवणी होईपर्यंत आम्ही त्यांस एका खोलीत बसवून ठेवले. रात्री त्यांची शुद्ध हरपू लागली तेव्हा रुग्णालयात नेले. रक्तातील लिथियम 2.4 भरले. ते साधारणतः 0.6 ते 1.0 च्या दरम्यान असावयास हवे. दीडच्या पुढे विषबाधेची चिन्हे दिसू लागतात, आणि दोनाच्या पुढे जिवास धोका. डायलिसिस करावे लागले. अकराव्या दिवशी ते घरी आले. जीव वाचला, परंतु मेंदूचा तोल सांभाळणारा भाग दुखावला तो दुखावलाच. आजही ते काठीवाचून चालू शकत नाहीत, आणि ते मोत्यासारखे अक्षर गेले ते गेले. प्रमाणपत्रांवरील नावे आता छापून येतात.

व्याही रुग्णालयात भेटावयास आले. त्यांस तोवर सारे कळले होते. रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "गुरुजी, आधी सांगितले असते तर आम्ही स्थळ मोडले असते, असे तुम्हांस कशावरून वाटले?" आमच्यापाशी उत्तर नव्हते. कदाचित मोडलेही असते, कोण जाणे. परंतु तो निर्णय करण्याचा हक्क त्यांचा होता, आणि रक्त तपासून घेण्याचा हक्क आमच्या भावाचा होता. आम्ही दोघांचेही हक्क हिरावून घेतले.

म्हणून ज्यांच्या घरी लिथियम चालू आहे त्यांस आमची कळकळीची विनंती आहे. तपासणी डॉक्टरांनी सांगितल्या वेळी करावी. औषध नवे असताना वा प्रमाण बदलल्यावर ती लवकर लवकर होते, पुढे तीन ते सहा महिन्यांनी. रक्त शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी द्यावे. रात्रीची गोळी घेतली असेल तर सकाळची गोळी घेण्यापूर्वी जावे. हा नियम मोडला तर आकडा खोटा येतो. रक्त गोठू नये म्हणून काही नळ्यांत लिथियमयुक्त औषधच घातलेले असते. तशा नळीत रक्त घेतले तरीही आकडा फुगतो. म्हणून तपासणी लिथियमची आहे, हे तेथे स्पष्ट सांगावे. मूत्रपिंड, थायरॉइड आणि कॅल्शियम ह्यांच्या तपासण्याही वर्षातून एकदोनदा डॉक्टर सांगतात, कारण दीर्घकाळात लिथियमचा परिणाम त्यांवर होऊ शकतो.

जेवणातील मीठ एकाएकी कमी वा अधिक करू नये. पाणी भरपूर प्यावे. एकादशीस निर्जळी करण्यापूर्वी डॉक्टरांस विचारावे. पांडुरंग समजून घेईल. दुखण्याची कोणतीही गोळी परस्पर घेऊ नये. हात पूर्वीपेक्षा जास्त थरथरणे, ओकाऱ्या, जुलाब, झोक जाणे, जीभ जड होणे, गुंगी येणे, ह्यांपैकी काहीही दिसले तर पुढची गोळी देण्यापूर्वी तत्काळ डॉक्टरांस गाठावे. ह्याच्या उलट, बरे वाटते म्हणून औषध स्वतः होऊन सोडू नये. केडसाहेबांच्या रोग्याची गोष्ट विसरू नये.

हे ऐकून कोणी लिथियमचे भय घेऊ नये. आमच्या बंधूंस ह्याच औषधाने चोवीस वर्षे संसार दिला. ह्या रोगात आत्मघाताचा विचार अनेकांच्या मनात येतो, आणि तो धोका कमी करणाऱ्या औषधांत लिथियमचे स्थान मोठे आहे. दोष औषधाचा नव्हता. राखण आम्ही उठविली. इतर औषधांचेही असेच आहे. क्लोझापिन ह्या औषधासाठी रक्तातील पांढऱ्या पेशी वरचेवर मोजाव्या लागतात, कारण क्वचित त्या एकाएकी घटतात. बंधूंस आता व्हॅल्प्रोएट चालू आहे. त्यासाठी यकृताची आणि रक्तपेशींची तपासणी होते. त्या दिवशी त्यांस आम्ही स्वतः घेऊन जातो, भर दिवसा, त्याच केंद्रात.

लोकांस कळेल ही भीती आम्हांस समजते. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रोग्यास आपली माहिती गुप्त राखली जाण्याचा हक्क दिला आहे. डॉक्टर वा रुग्णालय ती परस्पर कोणास सांगू शकत नाही. जवळ मनोविकारतज्ज्ञ नसेल त्यांनी सरकारच्या 'टेली मानस' ह्या सेवेस 14416 ह्या क्रमांकावर दूरध्वनी करावा. 2022 साली सुरू झालेली ही सेवा अहोरात्र आणि विनामूल्य आहे. मराठीतूनही बोलता येते.

शेवटी मंडळापुढे दोन सूचना नम्रपणे ठेवतो. एक, आपल्या वैद्यकीय साहाय्य निधीतून शस्त्रक्रियेस मदत मिळते, तशी ह्या नियमित तपासण्यांसही मिळावी. रक्कम लहान असते, परंतु वर्षानुवर्षे भरावी लागते, आणि गरीब घरात पहिली काटछाट तिच्यातच होते. दोन, वधूवर सूचक अर्जातील तो रकाना काढून टाकावा. सत्य लपवावे असे आमचे म्हणणे मुळीच नाही. परंतु 'होय' वा 'नाही' एवढ्या दोन शब्दांत असे सत्य मावत नाही. तेथे भ्यालेला माणूस 'नाही' लिहितो. त्याऐवजी स्थळ पुढे जाण्यापूर्वी दोन्ही घरांनी समोरासमोर बसून प्रकृतीविषयी मोकळेपणाने बोलावे, असा प्रघात मंडळाने पाडावा. मधुमेहाची साखर आपण चारचौघांत सांगतो. लिथियमचा आकडा सांगण्यात त्याहून अधिक लाज का असावी?

 हे व्याख्यान स्मरणिकेसाठी लिहून देताना शेवटी बंधूंनीही सही करावी, असा आम्ही आग्रह धरला. सही वेडीवाकडी आली आहे. ती तशीच छापावी, अशी संपादकांस विनंती आहे.